गोरखचिंचेखालची जागा

७ जानेवारी २०२५, मंगळवार

मोठे दीर, इर्शादभाई, विलायतेहून परत आले. म्हणजे बॅगा आल्या, देह आला. जीव तिकडंच राहिला.

तीन महिने अल्फियाकडं होते. त्यांची मुलगी, तिथल्या कुठल्याशा खेड्याजवळ नर्स आहे. जाताना डोळे पुसत गेले होते. "परवीन, तिथलं पाणी बाधलं तर?" कामशेतपलीकडं लग्नाला गेले तरी पोट धरून घरी येणारा माणूस! आणि आता प्रत्येक वाक्य "आमच्याकडं इंग्लंडात" पासून सुरू.

चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "तिकडं दूध वेगळं ठेवतात."

म्हटलं, "इथंपण वेगळंच असतं, भाईजान. म्हशीत."

हसले नाहीत.

मग फोन काढला. वाटलं, नातवाचे फोटो दाखवतील. कसलं काय! सगळी झाडं. एक चर्च, चर्चपुढं कबरी आणि कबरींच्या मधोमध एक काळपट हिरवं, बुटकं, अवाढव्य झाड. पुढचा फोटो — दुसरं चर्च, दुसरं तसलंच झाड. यू म्हणतात त्याला. खेडोपाडी चर्चच्या आवारात असतं म्हणे. काही झाडं हजार-दीड हजार वर्षांची, चर्चच्याही आधीची. खोड आतून पोकळ. एका फोटोत मोठे दीर स्वतः त्या पोकळीत उभे — कोट, मफलर, कानटोपी. कोनाड्यात ठेवलेल्या कंदिलासारखे.

"एका झाडाला तर खोडात दार बसवलंय," म्हणाले. "बाहेर बाक. पाटी. लोक येतात, बसतात, शांतपणे बघतात. पाला इतका विषारी, की जनावरानं खाल्ला तर मरतं — तरी झाडाला केवढा मान! आणि आपण?"

"आपण" म्हणताना माझ्याकडं बघितलं. जशी काही मी कुऱ्हाड घेऊन हिंडते!

चार दिवसांत उतरेल. सर्दीसारखं.

८ जानेवारी

उतरलं नाही. आज वाण्याकडं तेच फोटो दाखवत होते. वाण्यानं साखर कमी तोलली, ते कळलंसुद्धा नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

झालं! सर्दी नव्हे, टायफॉइड निघाला.

जुम्म्याच्या नमाजनंतर मोठ्या दिरांनी जमातीपुढं भाषण ठोकलं. इंग्रजांच्या कबरस्तानात यू आहे, तर आपल्या कबरस्तानात गोरखचिंच आहे. ते जपतात, आपण नाही. कुंपण पाहिजे, पाटी पाहिजे, बाक पाहिजे. पवना धरणावर तंबूत राहायला येणारे पुण्याचे लोक वाट वाकडी करून बघायला आले पाहिजेत.

जमातीचे बाकीचे म्हातारे "वा वा" म्हणाले. विलायतेहून आलेल्या माणसाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. एकशे नव्वद वर्षं तेच केलं, आता सवय मोडेल होय?

झाड मात्र खरंच मोठं. माझं घर, पुढं रस्ता, रस्त्यापलीकडं कबरस्तानाची भिंत आणि भिंतीच्या वर ते. थंडीत एक पान नाही. नुसतं करड्या चामड्याचं धूड आणि वर वेड्यावाकड्या फांद्या. कुणी उलटं पेरल्यासारखं. खोड पोकळ. गुलजार माझ्यापासून विड्या लपवायचा त्या पोकळीत. कामशेत–पवनानगर जीप चालवायचा, शेवटची फेरी झाली की झाडात शिरून एक ओढायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "डिझेलचा वास आहे." लग्नाला तीस वर्षं होईपर्यंत मी ते डिझेल खपवून घेतलं.

तो गेला त्याला तीन वर्षं झाली. छातीत कळ आली, संपलं. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुषांनी उचलला, पुरुषांनी नेला, मी आत बायकांच्या गराड्यात. संध्याकाळी मोठे दीर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "झाडाखाली ठेवलाय, परवीन. तुझ्या खिडकीसमोर. शेजारची जागा तुझी."

त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं जगले. मशीन खिडकीपाशी ओढून घेतलं. भिंतीमुळं जमीन दिसत नाही, पण झाड दिसतं. शिवता शिवता त्याला सगळं सांगते — अस्तर कमी पडलं, वीज गेली, तुझी जीप ज्याला विकली त्यानं ती ठोकली. मला त्याच्याशेजारी जायचंय. दुसरं काही मागणं नाही. हज नको, सोनं नको. तेवढी जागा.

म्हणून झाड जपा म्हणाले तेव्हा, खरं सांगायचं तर, मलाही बरं वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

सोपानभाऊ तिळगूळ घेऊन आले. शेजारच्या वाडीचे, गुलजारचे जिवाभावाचे दोस्त. दोघं मिळून एक विडी ओढायचे आणि दोघंही डिझेलचं नाव सांगायचे.

बातमी आणली — झाडाचं वय वाढायला लागलंय!

मोठे दीर म्हणाले होते, आठशे वर्षं. कुठलेसे पीर अरबस्तानातून उंटावर बी घेऊन आले. (घाट उंटानं कसा चढला, हे विचारायचं नाही.) सरपंच महिपतींनी ते ऐकलं. गोरखचिंच म्हणजे गोरखनाथांची चिंच, तेव्हा झाड आमचं, वय हजार! वाडीतले लोक भिंतीबाहेर आलेल्या फांदीखाली नारळ ठेवतात, ते कधीपासूनचं आहे. आजवर ना नारळाला कबरीची अडचण, ना कबरीला नारळाची. वय काढायला गेले आणि भाव फुटला.

"काल इर्शादभाऊ अकराशेवर गेलं," सोपानभाऊ म्हणाले. "सरपंच बाराशे म्हनला. बैलबाजारातबी इतकं चढत न्हाईत, वैनी."

"झाडाला विचारलं का कुणी?"

"त्ये कशाला बोलंल? त्येला हितंच ऱ्हायाचंय."

१९ जानेवारी, रविवार

कोमल मॅडम आल्या. पवनानगरला धरणाच्या काठी यांचे तंबू आहेत; त्याशिवाय 'वारसा फेरी' काढतात. म्हणजे पुण्याच्या लोकांना चालवून दमवायचं आणि जुनं काहीतरी दाखवायचं. मोठ्या दिरांनीच बोलावलं.

थेट कबरस्तानात गेल्या. जीनची पँट, गळ्यात कॅमेरा. जमातीचे म्हातारे दाराशी अदबीनं उभे. पोकळीत शिरून फोटो काढून घेतला, बाहेर येऊन म्हणाल्या, "किती शांत एनर्जी आहे इथे!"

शांतच असणार बाई. सगळे झोपलेत.

मी खिडकीतून बघत होते. इतकी वर्षं समोर राहते, मला त्या दाराच्या आत पाऊल टाकायची सोय नाही. आणि ही आली, शिरली, एनर्जी घेऊन गेली. मोठ्या दिरांना विचारलं. म्हणाले, "त्या पाहुण्या आहेत, परवीन. पर्यटक." म्हणजे मेलेल्या माणसाची बायको असलं तर बाहेर. कुणीच नसलं तर आत!

जाताना मॅडमनी माझ्याकडं कापड टाकलं. ओढण्या शिवायच्या, फेरीतल्या बायकांना आत जाताना डोकं झाकायला. गडद हिरव्या. काठाला बारीक दुमड घाला म्हणाल्या.

घातली दुमड. बारीक घातली.

२२ जानेवारी

पुण्याहून वनस्पतीशास्त्राचे एक प्राध्यापक आले. बिचारे. टेप गुंडाळून घेर मोजला, पोकळीत टॉर्च मारला, साल खरवडली. म्हणाले, आतला गाभाच नाही, वलयं मोजणार कशी? अंदाजे तीनशे वर्षं धरा, जास्तीत जास्त.

तीनशे! सरपंच आणि मोठे दीर पंधरवड्यात पहिल्यांदा एकमेकांकडं बघून एक झाले. "सायब, नीट मोजा!" दोघांनीही एकदम. प्राध्यापकांना जेवायलासुद्धा थांबवलं नाही.

पाटीवर 'हजारो वर्षे प्राचीन' असं लिहायचं ठरलं. आकडा नको, भांडण नको. पीर आणि गोरखनाथ दोघंही एका ओळीत.

२४ जानेवारी, शुक्रवार



मोठे दीर जमातीची बैठक आटोपून आले. खुशीत. झाडाभोवती लोखंडी कुंपण ठरलं. चांगलं ऐसपैस, चहूबाजूंनी तीस फूट. आत फरशीची वाट, बाक, पाटी. "आणि त्या हद्दीत यापुढं दफन बंद," म्हणाले. "मुळांना इजा नको. इंग्लंडात—"

"माझी जागा?"

टोपी काढून झटकली.

"भाईजान, माझी जागा? गुलजारशेजारची?"

चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बघू. अजून तुझं वय काय झालंय!"

मी साठीला आले. गुलजार पंचावन्नाचा गेला. मरायला वय लागतं, हे मला कुणी सांगू नये!

"तुम्हीच उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं," म्हटलं.

"सांगितलं होतं," म्हणाले. आणि चहा न घेता गेले. चहा न घेता जाणारा माणूस नाही तो.

म्हणजे पुण्याच्या पोरी तिथं बाकावर बसून वेफर्स खाणार आणि मी कुठंतरी टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, अनोळखी लोकांत. आयुष्यभर रांगेत उभी राहिले, मेल्यावरही माझा नंबर गेला.

रडले. मग राग आला. राग बरा, त्यानं निदान काम होतं.

२५ जानेवारी

मशीनला तेल घातलं. दिवसभर झाडाकडं पाठ करून बसले.

२८ जानेवारी

अल्फियाचा फोन. व्हिडिओवर. चर्चच्या आवारात, त्याच त्या झाडाजवळ बाकावर बसून डबा खात होती! मागं कबरी. शेजारी एक गोरी म्हातारी विणकाम करत बसलेली.

"ही कोण गं?"

"मार्गारेट. तिचा नवरा तिथं आहे, त्या दगडाखाली. रोज येते काकी. दुपारभर बसते."

"कुणी उठवत नाही?"

"कोण उठवेल? तिची जागा आहे ना."

मी त्या म्हातारीच्या सुयाच बघत राहिले. पोरीला वाटलं नेट गेलं.

भाईजाननी तिथून झाड आणलं, कुंपण आणलं, बाक आणला, पाटी आणली. मार्गारेट तेवढी आणायची विसरले! शेकड्यानं फोटो काढले त्यात एकही बाई नाही. चौकटीत आली असेल तर बाजूला सरकवली असेल.

३१ जानेवारी, शुक्रवार

संप!

जमातीत रमजानच्या आधी दोन लग्नं आहेत. एक जावेदमियाँच्या नातीचं — तेच, जमातीचे खजिनदार, ज्यांनी तीस फुटांना पहिला हात वर केला. दोन्ही लग्नांचे कपडे माझ्याकडं. नवरीचा शरारा कापून ठेवलाय, बाह्या सुट्या, काठ सुटा. वर जमातीच्या निम्म्या पुरुषांचे ईदचे सदरे. गावात दुसरी शिवणारी नाही. कामशेतच्या टेलरनं जावेदमियाँचा पायजमा एकदा असा शिवला होता, की ते नमाजात वाकायला घाबरत होते.

मी सगळं गाठोड्यात बांधलं. मोठ्या दिरांमार्फत निरोप धाडला — माझी जागा मोकळी ठेवाल तर सुई हलेल. नाहीतर नवरीला चादरीत पाठवा.

बैठकीत मला जाता येत नाही. पण माझं गाठोडं न जाताच पोचलं.

२ फेब्रुवारी

जावेदमियाँची सून येऊन गेली. रडली.

३ फेब्रुवारी

जावेदमियाँची बायको. रडली नाही, माझ्या कानात म्हणाली, "सोडू नको. माझ्यापण जागेचं बघ."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले!

आज बैठक चक्क माझ्या अंगणात झाली. म्हणजे पुरुष अंगणात खुर्च्यांवर, मी दाराआड. जावेदमियाँचा चेहरा उतरलेला, शराऱ्यावर डोळा.

जावेदमियाँ म्हणाले, "ठीक आहे. झाडापाशी कुंपण नको. जमीन आहे तशी मोकळी. पण मॅडमला बाक आणि पाटी तर कुठंतरी लावून द्यावी लागेल. शब्द दिलाय."

मीच सुचवलं. दाराआडून, मोठ्यानं. "रस्त्याकडच्या भिंतीला लावा! दारातून आलं की लगेच. तिथून झाड समोर दिसतं, फोटो चांगला येतो. आणि तिथं आहे कोण? घाणेरी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या!"

खुर्च्या कुरकुरल्या. कुणी खोकलं.

मोठे दीर म्हणाले, "भिंतीपाशी नको."

"का नको?"

"नको म्हणजे... उन्हाचं तोंड आहे."

"तुमच्या इंग्लंडात ऊन मिळावं म्हणून रडतात लोक! भिंतीपाशीच."

"परवीन, दुसरीकडं कुठंही सांग."

"भिंतीपाशी. नाहीतर गाठोडं आहेच."

सोपानभाऊ कडेला उभे होते, सरपंचांचा निरोप घेऊन आलेले. ते मान खाली घालून निघूनच गेले. पुरुषांना बाईचं ऐकावं लागलं की असंच तोंड होतं, मग धर्म कुठलाही असो.

मान्य! रात्रीचं जेवण गोड लागलं. झाडाकडं बघून म्हटलं, "घे. जागा वाचवली तुझ्याशेजारची. तुला तर आयुष्यात कधी जीपची पासिंगसुद्धा वेळेवर करता आली नाही."

९ फेब्रुवारी

शरारा दिला. जावेदमियाँना मापात एक चूक काढता आली नाही! सून पाया पडायच्या बेतात होती.

संध्याकाळी मोठे दीर आले. बसले. चहा घेतला. दुसरा घेतला. म्हणाले, "परवीन, एक सांगायचं होतं." म्हटलं, सांगा. म्हणाले, "अल्फियाकडं बर्फ पडलाय." आणि गेले.

बाकाचं दुःख आहे. उतरेल.

११ फेब्रुवारी

पुन्हा आले. पुन्हा चहा. यावेळी बर्फ वितळलाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल शबे-बरात. पुरुष सांजेला मगरिबच्या नमाजनंतर फुलं-उदबत्त्या घेऊन कबरस्तानात गेले. दरवर्षी मी खिडकीतून बघते. भिंतीवरून डोकी तेवढी दिसतात. मोठे दीर झाडापाशी उभे राहतात, माझ्या खिडकीकडं तोंड करून हात उचलतात. मीही इथं उचलते.

काल सगळे आधी भिंतीपाशी जमले. बराच वेळ. मग मोठे दीर एकटेच झाडाकडं गेले, हात उचलले, लगेच परत. दुवा मागायची रात्र आणि यांना बाकाची मापं सुचतात! मी यांच्या वाटचीही दुवा मागून टाकली. फुकटची होती.

१६ फेब्रुवारी

बाक आला. लोणावळ्याहून टेम्पोतून. ओतीव लोखंडाचा, हिरवा, हातांना वेलबुट्टी — हुबेहूब फोटोतल्यासारखा. पाठीवर पत्रा: 'सौजन्य: इर्शाद आणि परिवार'. परिवारात मी येते का, विचारायला पाहिजे.

भिंतीच्या आत ठेवताना बराच वाद चालला होता. "थोडा इकडं," "नको, जरा तिकडं," "पाय जपून टाक." एक बाक ठेवायला आठ माणसं आणि एवढा गोंधळ! मोठ्या दिरांचा आवाज शेवटी फाटला, "मी सांगतो तिथंच!"

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन. सरपंचांनी नारळ बाहेर फोडला, मोठ्या दिरांनी फीत आत कापली. बाहेर आणि आत दोघंही तीच ती हजारो वर्षं सांगत होते.

कोमल मॅडमची फेरी आली. वीसेक बाया-पुरुष. बायांच्या डोक्यावर माझ्या ओढण्या. रांगेनं दारातून आत. एकीची ओढणी घसरत होती, जावेदमियाँनी स्वतः अदबीनं पिन दिली! ज्या जावेदमियाँच्या बायकोनं त्या दाराची आतली कडी कधी बघितली नाही.

एक पोरगी बाकावर पाय वर घेऊन बसली असावी. मोठे दीर धावत गेले, "पाय खाली, बेटा, पाय खाली," हात जोडून. लोखंडाच्या बाकाची किती ती काळजी! गुलजार असता तर हसून हसून मेला असता.

एक ओढणी जास्तीची शिवली होती. ती माझ्याकडंच राहिली.

पर्यटक होऊन आत जाता येतं. मला कुणी पर्यटक का म्हणू नये? मी पवनानगरचं धरणसुद्धा धड बघितलेलं नाही.

पुढची फेरी मंगळवारी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. हिरवी ओढणी घेतली, रांगेत मधे उभी राहिले, जावेदमियाँसमोरून आत गेले. त्यांनी बघितलं. मग दाराच्या कडीकडं बघायला लागले.

सरळ झाडाखाली गेले. तिथं एकही कबर नाही. नुसती मुळं. मांडीएवढी जाड, जमिनीवर आलेली, चहूकडं पसरलेली. तिथं सुई टोचत नाही, माणूस कुठून मावणार? मी गोल फिरले. दोनदा फिरले. सोपानभाऊ भिंतीबाहेरच्या फांदीखाली होते, नारळ तिथंच टाकून आत धावले.

"हितं न्हाई, वैनी. खांदायला मीबी व्हतो. कुदळ बसंना, सांज व्हत आलती. मंग भिंतीपाशी ठिवला. इर्शादभाऊ म्हनला, तिला खिडकीतनं झाड दिसतंय, झाडच सांगू."

या गावात पुरुषांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि हे तीन वर्षं सगळ्यांच्या पोटात राहिलं!

गुलजार भिंतीला लागून आहे. माझ्या दारासमोर, रस्त्यापलीकडं. घाणेरी काढून कुणीतरी पांढरे दगड लावलेत. त्याच्याशेजारी एकच जागा होती. तिथं बाक आहे. मीच लावायला लावला.

मोठे दीर आले, मान खाली. मी त्यांच्या बाजूनं बाकापाशी गेले. बाकाखाली वाकून बघितलं. सिमेंट नाही, चार बोल्ट आहेत, पान्यानं निघतात. त्यांना म्हटलं, माझी वेळ आली की उचला. तोवर मी बसते.